मॅकडोनाल्डांचा डीएनए आणि आपण

मा. संपादक,

रविवार पुरवणीतला डीएनए टेस्टवरचा लेख वाचला, आवडला, पण थुंकी पाठवली की आपलं मूळ गाव कळतं असा जो सूर होता त्यावर थोडं लिहायचंय.

स्कॉटलंडचं मॅकडोनाल्ड घराणंच घ्या ना. भाषा गेलिक (आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी भाषा), मूळपुरुष सोमरलेड, जो ११६४ मध्ये स्कॉटलंडमधल्या रेनफ्रूला मारला गेला. घराण्याच्या वंशावळी त्याला आयर्लंडच्या जुन्या राजांपर्यंत नेऊन भिडवतात आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरून नॉर्स लोकांना, म्हणजे नॉर्वेकडून आलेल्या व्हायकिंगांना हुसकावणारा वीर म्हणून त्याचे गोडवे गातात. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी घराण्याच्या पाच शाखाप्रमुखांचं वाय क्रोमोसोम, म्हणजे बापाकडून फक्त मुलाला मिळणारा डीएनएचा तुकडा, तपासलं तर ते एकमेकांशी जुळलं, म्हणजे आठशे वर्षं बाप-मुलगा अशी साखळी तुटलेली नाही, वंशावळ तेवढी खरी! पण ग्रुप, म्हणजे बापाकडच्या वंशाचा गट, निघाला आर वन ए, तोही नॉर्वेकडचा. ज्यांना हुसकावलं त्यांच्याच रक्ताचा निघाला की गडी.

बहुतेक गेलिक पुरुषांत आर वन बी हा दुसरा ग्रुप सापडतो. उत्तर आयर्लंडजवळच्या रॅथलिन बेटावर २००६ मध्ये एका पबच्या मागे गाडीसाठी रस्ता करताना तीन पुरुषांचे सांगाडे मिळाले, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे, त्यांच्यातही तोच ग्रुप, आणि त्यांच्या पूर्वजांचा एक मोठा हिस्सा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातून आलेला. म्हणजे 'अस्सल' गेलिक लोकसुद्धा कधीतरी बाहेरूनच आले.

आता आर वन ए आपल्याकडेही भरपूर आहे, त्यामुळे व्हॉट्सअपवर कोणीतरी मॅकडोनाल्ड आपले भाऊबंद म्हणून मोकळं होतं. अहो, या ग्रुपलाही पोटशाखा असतात, त्यांची शाखा झेड २८४, आपल्याकडची बहुतेक झेड ९३, या दोघींना फाटे फुटून हजारो वर्षं झाली!

शिवाय वाय म्हणजे फक्त बापाच्या बापाच्या बापाची एक रेघ. दहा पिढ्या मागे गेलं की हिशोबाने १०२४ पूर्वज होतात, त्यातला हा एक. सोमरलेडची आई, आजी, पणजी कुठल्या, हे ते सांगतच नाही, आणि गेलिक भाषा त्या पोरांना शिकवली कोणी? बहुधा त्यांनीच!

पुढच्या लेखात मायटोकॉन्ड्रियल डीएनए (जो फक्त आईकडून मिळतो) आणि बाकीच्या क्रोमोसोमबद्दलही येऊ द्या, आणि टेस्ट करणाऱ्यांना एवढं जरूर सांगा की रिपोर्टमध्ये नुसतं आर वन ए लिहून दिलं तर पुढची शाखा कुठली ते विचारून घ्या, पैसे त्याचेच देताय.

– एक वाचक, सांगली