रात्रपाळीच्या ताईंना

ताई,

लेकाला तुमच्या निवासी केंद्रातून घरी न्यायला आले, तेव्हा निघताना मी नुसतं "येते हं" म्हणाले. बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांसमोर, कारण रात्रपाळीच्या माणसांचे आभार मानायचे राहूनच जातात.

लेक आमच्याकडे आला चार वर्षांचा असताना. त्याआधी त्याची तीन घरं बदलली होती. नवव्या वर्षी तुमच्याकडे दाखल केला तेव्हा दोन शाळांनी हात टेकले होते, धाकटीच्या दंडावर त्याच्या दातांचे वण होते आणि आम्ही नवरा-बायको आळीपाळीने जागत होतो. निवासी उपचारांना ठेवलं म्हणजे पोराला टाकलं, असं जवळच्यांनीच ऐकवलं. मलाही आतून तसंच वाटत होतं.

मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून एक तास त्याच्याशी बोलायचे. भडके कमी व्हावेत म्हणून रिस्पेरिडोन हे औषध सुरू केलं. त्याने भूक वाढते, म्हणून वजन आणि रक्तातली साखर तपासत राहायचे. त्यांचे उपकार आहेतच. पण आठवड्याचे तास १६८, आणि ह्याचा भडका उडायचा तो दिवे मालवताना.

तुम्ही दाराशी खुर्ची टाकून बसायचात. उठावं लागलं तरी न सांगता कधी गेला नाहीत. "कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन येते. शंभर म्हणायच्या आत परत." तो अंधारात मोजायचा. सुरुवातीला विसाच्या आतच किंचाळायचा, उशी फाडायचा. तुम्ही मात्र रोज शंभराच्या आत दारात. एकदाही चुकवलं नाहीत.

एका रात्री त्याने दुसऱ्या मुलाचा गळा धरला आणि तुम्हा दोघांना त्याला घट्ट धरून आवरावं लागलं. तो शांत झाल्यावर तुम्ही तिथेच जमिनीवर बसून त्याला विचारलंत, "आम्ही धरलं तेव्हा तुला कसं वाटलं?" मग मला फोन केलात, किती मिनिटं धरलं तेही सांगितलंत. आधीच्या एका ठिकाणी त्याला कोंडायचे आणि आम्हाला ते महिन्याने कळायचं.

भडका जिथे उडाला तिथेच, रोज सोबत असणाऱ्या माणसानेच बोलायचं, ही पद्धत फ्रिट्झ रेडल या मनोविश्लेषकांची, हे तुमच्याकडूनच कळलं. १९४६ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये त्यांनी अशाच मुलांसाठी 'पायोनियर हाऊस' नावाचं निवासी घर काढलं होतं. १९४८ मध्ये ते पैशाअभावी बंद पडलं, हे सांगताना तुमचा चेहरा उतरला होता. त्या मुलांचं पुढे काय झालं असेल, हे अजून माझ्या मनातून जात नाही.

तुमच्यासारखी नोंदवही मीही घरी ठेवली: आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, मग आम्ही काय केलं. तो शनिवार-रविवार घरी यायचा तेव्हाची पानं उलटली तर जवळजवळ प्रत्येक 'आधी'त कुणीतरी दाराबाहेर पडलेलं. पाच वर्षं ते मला दिसलं नव्हतं.

घरी कायमचा परतल्यावर पहिल्या आठवड्यात मी रात्री म्हणाले, "पाणी घेऊन येते, शंभरच्या आत." तेवढ्यात फोन आला आणि मी बोलत राहिले. आठवण झाली तशी धावले. अंथरुणात बसून तो मोठ्याने मोजत होता, "एकशे बेचाळीस, एकशे त्रेचाळीस..." मला पाहून थांबला आणि म्हणाला, "आई, तुला उशीर झाला."

उशी तशीच, जागच्या जागी होती, ताई.

तुमची,
त्याची आई