खातची पाने आणि तोंडाचे आरोग्य

संपादक महोदय,

खात या झाडाच्या उत्तेजक पानांच्या तस्करीवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. माल कुठून येतो, कोणते कायदे लागू होतात, हे सगळे त्यात होते. पण ही पाने रोज तासन्‌तास गालात धरणाऱ्याच्या तोंडाची काय गत होते, यावर एक ओळही नव्हती. मी दंतवैद्य असल्याने ही उणीव मला फार खटकली.

येमेन, इथिओपिया, सोमालिया, जिबुती, केनिया या पट्ट्यात लाखो लोक खात चघळतात. कोवळी पाने एकेक करून चावायची, रस गिळायचा आणि चोथा एकाच गालात साठवत जायचा. येमेनमध्ये दुपारच्या जेवणानंतर बसलेली मंडळी सांजेपर्यंत हलत नाहीत. पाने ताजीच लागतात, कारण ती सुकू लागली की त्यांतले कॅथिनोन हे उत्तेजक द्रव्य उतरत जाते. म्हणून रोज नवी जुडी आणि बहुधा रोज तोच गाल.

नुकसान समजायचे तर हा गाल पाहायला हवा. वर्षानुवर्षे चघळणाऱ्याच्या तोंडाच्या दोन बाजू दोन वेगळ्या माणसांच्या वाटाव्यात इतका फरक पडू शकतो. चोथ्याच्या बाजूला गालाचे अस्तर पांढरट, जाड, सुरकुतलेले दिसते. हिरडी दाढांपासून मागे हटून मुळे उघडी पडतात, दात तपकिरी होतात, झिजतात. जबड्याचा सांधा दुखू लागतो. त्यात कॅथिनोनची जातकुळी अॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाची, त्यामुळे तोंडाला कोरड पडते. लाळ आम्ल धुऊन काढते, दातांना खनिजे पुरवते. तीच आटली आणि पानांचा तुरटपणा घालवायला वरून गोड पेये घेतली, तर कीड लागायला वेळ लागत नाही.

‘झाडाचा पाला आहे, त्याने काय होणार?’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. निकोटिनही पानातच असते आणि कोकेनही. कोकेन ज्यांत असते ती कोकाची पाने चघळताना सोबत चुना किंवा राख घेतात, त्या अल्कलीचा दाह गालाला वेगळाच.

कर्करोगाबद्दल मात्र सांभाळून लिहावे. चघळायच्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. खातबाबत तितका ठोस पुरावा नाही. अनेक जण चघळताना सिगारेटही ओढतात, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळे काढणे कठीण जाते. नुसती भीती घातली की लोक दवाखान्यात येईनासे होतात.

ब्रिटनने २०१४ मध्ये खातवर बंदी घातली. अशा बंदीनंतर माणूस डॉक्टरांपासूनही सवय लपवू लागतो, याची मला जास्त काळजी वाटते. कधीपासून चघळता, कोणत्या गालात धरता, सोबत काय पिता, सिगारेट ओढता का, हे प्रत्येक दंतवैद्याने न रागावता विचारावे. पुढच्या लेखात आपण एवढे जरूर छापावे: सवय सुटेपर्यंत निदान चघळण्याचे तास कमी करा, सोबत साधे पाणी प्या, फ्लोराइडच्या पेस्टने दोन वेळा दात घासा. आणि गालातला पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो तपासून घ्या, दुखत नसला तरी.

आपला,
एक वाचक