गोल झाला की गोलीच दोषी?

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या बडोदे पानावर आंतरशालेय फुटबॉलच्या अंतिम सामन्याची बातमी आली. 'गोलकीपरच्या चुकीने पराभव' असा मथळा आणि खाली नववीतल्या मुलाचं नाव. तो सामना मी मैदानावर बसून पाहिला. शाळेत पीटी शिकवण्यातच नोकरी गेली, त्यामुळे माझे डोळे आपोआप गोलाकडे जातात.

ज्या गोलाबद्दल एवढं लिहिलंत, तो कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर झाला. चेंडू येण्याआधीच पलीकडच्या खांबापाशी समोरच्या संघाचा एक मुलगा मोकळा उभा होता. बाकीच्यांची नजर कॉर्नर मारणाऱ्यावर; तो मुलगा दिसत असेल तर फक्त गोलीला, म्हणजे आपल्या गोलकीपरला. 'मागचा पकड!' एवढं ओरडला असता तरी भागलं असतं. पण ओरडायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. उंच आहे म्हणून गोलात उभा केला, संपलं प्रशिक्षण. शिवाय पहिला गोल खाल्ल्यापासून पोरगं सारखं सरांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि पालकांमधून 'अरे झोपलास का?' चालूच.

उंचीचा फायदा असतो, नाही कशाला म्हणू? गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. पण मेक्सिकोचा होर्हे काम्पोस जेमतेम साडेपाच फुटांचा, आणि १९९४ व १९९८ असे दोन विश्वचषक त्याने गोलात उभं राहून गाजवले. गोलीचं खरं काम पायांत आहे. आडवी, छोटी पावलं टाकत चेंडूच्या रेषेत यायचं, आणि समोरच्याने फटका मारला त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे किंचित वाकलेले. झेप त्यानंतर. आमच्याकडची मुलं नेमकी त्या क्षणी हवेत असतात किंवा टाचांवर.

दुसरी गोष्ट पडण्याची. कुशीवर पडायचं असतं. कोपरावर किंवा पोटावर नाही. मे महिन्यात आमची मैदानं फरशीसारखी टणक होतात, त्यावर दोनदा कोपर फुटलं की मुलगा पुन्हा झेप घेत नाही, आणि मग आपण म्हणतो, घाबरट आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जुन्या आखाड्याच्या या गावात पोरांना पडायला शिकवण्याआधी माती उकरून मऊ करावी लागते, हे वेगळं सांगायला हवं का?

आता मनाचं. पेनल्टी, म्हणजे समोर फक्त गोली असताना मारायचा फटका, अकरा मीटरवरून मारतात. ताशी शंभर किलोमीटरने आलेला चेंडू साधारण ०.४ सेकंदात गोलात पोचतो, म्हणजे बघून ठरवायला वेळच नाही. २००७ साली इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्ट्या तपासल्या. शंभरातल्या जवळपास चौऱ्याण्णव वेळा गोलकीपरांनी डावी-उजवीकडे झेप घेतली होती. खरं तर गोलाच्या मध्यभागी थांबणं जास्त फायद्याचं होतं. मग थांबत का नाहीत? झेप घेऊन गोल खाल्ला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याने प्रयत्न केला. उभा राहून खाल्ला तर हसतात. ते नावाजलेले व्यावसायिक खेळाडू होते. नववीतल्या पोराची काय कथा!

२०२२ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझने तीन गोल खाल्ले होते. जादा वेळ संपत आलेली, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर, आणि याने डावा पाय लांबवून चेंडू अडवला. मागचे तीन गोल डोक्यात घोळत असते तर तो पाय तिथे पोचला नसता. हे विसरणं सरावाने येतं, पण त्यासाठी बाकावरून आणि कडेने शिव्या थांबायला हव्यात.

किरण मोरे आणि नयन मोंगिया या गावचे. यष्टीमागे उभं राहणं म्हणजे काय, ते बडोदेकरांना कळतं. तरी क्रिकेटमधल्या कीपरकडे जवळजवळ प्रत्येक चेंडूला काम असतं. गोली कधी कधी चाळीस मिनिटं नुसता उभा आणि मग एकदम एकच चेंडू, तोही सामना ठरवणारा. एवढा वेळ जागं राहायचं तर मागून सतत बोलत राहावं लागतं, बचावफळीला हलवत राहावं लागतं. गप्प गोली लवकर पेंगतो, हे मी शेकडो मुलांमध्ये पाहिलंय.

शाळांकडे माझं मागणं फार नाही. आठवड्यातला एक तास गोलींसाठी वेगळा, आणि गोलापुढे चार-पाच मीटर उकरलेली माती. बाकी दहा जण फटके मारतात आणि हा चेंडू आणून देतो, याला सराव म्हणू नये.

आपल्याकडेही एक विनंती. शाळकरी मुलाचं नाव 'चुकी'शेजारी छापू नका. कॉर्नरला त्या खांबापाशी कोण उभं असायला हवं होतं, हे वार्ताहराने संघाच्या सरांना विचारावं आणि तेही छापावं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, बडोदे