त्या ५० लाखांत तुझी आजी होती

कोल्हापूर, बुधवार

चि. पूनम हीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू महालक्ष्मीने निघालीस आणि मी स्टेशनवर आलो नाही. पाय दुखतात असं आईने सांगितलं असेल, तसं काही नव्हतं. जेवताना आपलं जे झालं त्यावर फलाटावर उभं राहून काय बोलणार, म्हणून घरीच थांबलो. फोनवर आपण दोघंही लगेच तापतो. म्हणून कागद घेतला. पोस्टाने पाठवतोय. मिळाल्यावर सावकाश वाच, लोकलमध्ये उभ्याने नको.

तुला आलेल्या त्या धमकीच्या मेसेजबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. असले मेसेज सगळ्यांनाच येतात, पप्पा, असं तू म्हणालीस. येत असतील. पण त्याने पानसरेंचं नाव घातलं होतं, आणि तू कोल्हापूरची आहेस हे त्याला माहीत होतं. एवढंच. पुढचं सगळं तुझ्या कामाबद्दल.

तुला वाटतं तू लेखकांच्या घेतेस त्या मुलाखती आई ऐकते आणि मला थोडक्यात सांगते. मी सगळ्या ऐकल्यात. सकाळी चहा झाला की मागच्या पडवीत, फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून. काही दोनदा ऐकल्यात. उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न करण्यात माझा जन्म गेला. अमर्त्य सेन कोण, विकासाचं अर्थशास्त्र म्हणजे काय, हे मला कोण सांगणार होतं? वाचन मंदिरातून कादंबऱ्या आणायचो, तेवढंच. ही इंग्रजी पुस्तकं मला अजूनही झेपत नाहीत, पण तू लेखकाला मराठीत समजावून घेऊन जे विचारतेस ते झेपतं. भट्टीतून निघालेलं कास्टिंग गार झालं की आम्ही त्यावर हातोडीने हलकेच मारून बघायचो. तडा असला की आवाज बद येतो. तुझे प्रश्न तसे असतात. मोठा आवाज न करता मारतेस, आणि कुठं बद वाजलं ते ऐकणाऱ्याला कळतं.

सेनांच्या पुस्तकावरची मुलाखत घे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ३० लाखांच्या आसपास माणसं गेली, आणि तरी त्या साली बंगालात धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, हे सेनांनी १९८१ च्या त्या पुस्तकात आकडे मांडून दाखवलं. ४१ साली तर दुष्काळ पडलाच नव्हता. लढाईने भाव चढले, शेतमजुराची मजुरी होती तिथंच राहिली. धान्य बाजारात होतं, पण ते विकत घ्यायची ताकद त्याच्या हातात राहिली नाही. एवढी मोठी गोष्ट इतकी सरळ असू शकते, हे मला पटायला दोन दिवस गेले.

त्याच मुलाखतीत तू ज्यांना बोलतं करत होतीस त्या बाईंनी कादेर मियाँची हकीकत सांगितली. १९४४ ची ढाक्यातली दंगल. कादेर मियाँ हा मुसलमान मजूर, हिंदू वस्तीत कामाला आला आणि त्याला भोसकलं. रक्तबंबाळ होऊन तो सेनांच्या घराच्या फाटकातून आत आला. सेन तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. जाऊ नका असं बायको सांगत होती, पण घरात पोरांना खायला नव्हतं, असं तो दवाखान्यात नेताना सांगत होता. वाचला नाही. गरिबी माणसाची बाकीची मोकळीकही कशी काढून घेते, ते सेन पुढं यावरून मांडतात. तू तो धागा धरून पुढच्या प्रश्नाला गेलीस. मी त्या बायकोपाशीच अडकलो. जाऊ नका म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं, आपल्यात ते मी आहे. पण कादेर मियाँला पोटाचं कारण होतं. तू रात्री बाराला अंधेरीहून एकटी येतेस ते कशासाठी? तिकडे अमेरिकेत दुपार असते म्हणून. त्या लेखकांना आपल्या संध्याकाळी बसायला सांग की. त्यांची सकाळ होईल, उठतील जरा लवकर.

बघ, आलोच मी परत तिथं.

पुढच्या महिन्यात लोकांसमोर लेखकाची मुलाखत घेणार आहेस, त्या कार्यक्रमाचं बोलतो. त्याचं रोजगार हमीवरचं पुस्तक तू ठेवून गेलीस, ते आईने मला जमेल तसं वाचून दाखवलं. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि सेन यांनी १९७२-७३ च्या महाराष्ट्राबद्दल लिहिलेलं त्यात आलंय. पिकं बुडाली, पण सरकारने कामं काढली म्हणून लोक भूकबळी गेले नाहीत, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्या कामांवर एका वेळी जवळजवळ ५० लाख माणसं होती. तो आकडा ऐकला आणि आईला थांब म्हणालो. त्या ५० लाखांत तुझी आजी होती.

तुला हे अर्धवट माहीत आहे, आज पुरतं सांगतो. जतकडचं आपलं गाव, मी नऊ-दहा वर्षांचा. विहिरींचे तळ दिसायला लागले होते, जनावरं आधीच विकलेली. आजी खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कडेला दगडांचे ढीग, एक मोठा दगड पुढ्यात घ्यायचा, त्यावर लहान दगड धरायचा आणि हातोडी घालायची. डाव्या हाताच्या बोटांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या. कपची डोळ्यात उडू नये म्हणून घाव घालताना ती मान वळवायची. ती सवय जन्मभर गेली नाही. नारळ फोडतानासुद्धा मान वळवायची आणि तू लहानपणी हसायचीस, आठवतंय? आम्हा पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचे ते खाऊ, मिळायची. रेशनला लाल मिलो, म्हणजे बाहेरून आलेली ज्वारी, त्याची भाकरी थापताना चिरायची आणि आजी पाणी लावून लावून ती जोडायची. माप घ्यायला बाबू आला की बाया ढीग नीट रचून ठेवायच्या, कारण ढीग पसरला की ब्रास, म्हणजे खडीचं माप, कमी भरायचा आणि मजुरी कमी व्हायची. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठा. पगार कधी येईल ते कुणी सांगायचं नाही.

आम्ही मेलो नाही. पुस्तक म्हणतं ते खरं आहे, आणि मी ते ज्याला त्याला सांगेन. तासगावकडच्या वि. स. पागेंनी लावून धरलं म्हणून त्याचा पुढं कायदा झाला, १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. काम मागितलं तर सरकारने द्यायचं, उपकार म्हणून नाही. २००५ साली देशाने शंभर दिवसांच्या कामाचा कायदा केला तो याच वाटेने. पण पुस्तकात ती योजना यशस्वी झाली एवढंच येतं आणि पान उलटतं. आजीचं बोट कायमचं वाकडं राहिलं ते कुठल्या रकान्यात? लेखक चांगला माणूस आहे असं तू म्हणतेस. मग त्याला विचार की मस्टर कोण लिहायचं, माप कोण घ्यायचं, पगार उशिरा आला तर त्या घरात त्या आठवड्यात काय शिजायचं. आकडे लेखक स्वतःहून सांगतील. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

उदयपूरच्या डाळीबद्दल तू असंच विचारलं होतंस. तिथल्या खेड्यांत प्रयोग केला. काहीच वेगळं न केलेल्या गावांत मुलांच्या सगळ्या लसी पुऱ्या होण्याचं प्रमाण ६ टक्के, गावात नेमाने शिबिर भरवलं तर १८, आणि प्रत्येक लशीमागे किलोभर डाळ व शेवटी थाळ्या दिल्या तर ३९. २०१९ चं नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञांचं काम. लेखक खुशीत सांगत होते, आणि तू विचारलंस, ज्या गावांना तुलनेसाठी नुसतं बघत ठेवलं त्या गावांतल्या आयांना नंतर कुणी काही सांगितलं का? ते थोडे थांबले. मला आवडला तो माणूस, त्याने थाप मारली नाही. डाळीसाठी रांगेत उभं राहण्यात कमीपणा नाही, मी सुकडीच्या रांगेत उभा राहिलोय. पण रांगेतल्या माणसाला आपण रांगेत का उभे आहोत हे कळायचा हक्क आहे. हे तुला कुणी शिकवलं नाही. तुझ्यात ते पहिल्यापासून आहे.

तुला सायकलच्या दांडीवर बसवून भाऊसिंगजी रोडने न्यायचो तेव्हा गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगायचो. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेला माणूस, शाहू महाराजांनी त्याला हॉटेल काढायला मदत केली, आणि स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. सगळी पोरं गोष्ट ऐकून खूश व्हायची. तू विचारलंस, "आणि महाराज नसते तर?" मला उत्तर आलं नाही. आता तू त्या परदेशी प्राध्यापकाला सांगितलंस की आमच्या गावात २६ जुलै १९०२ ला मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागांचा हुकूम निघाला होता, गॅझेटात छापून. एकाच्या मेहेरबानीवर सोडायचं नाही, कागदावर आणायचं, म्हणून. तो म्हणाला, हे मला माहीत नव्हतं, लिहून घेतो. मी पडवीत एकटाच उठून उभा राहिलो होतो. दाजींना फोन करून ऐकवलं ते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं, तरी ऐकलं त्यांनी सगळं.

आता ठरवलेलं मोडतो, कारण पोटात ठेवून झोप येत नाही.

पानसरे अण्णांच्या मागून मी टोलविरोधी मोर्चात चाललोय. साधा माणूस. एवढ्याशा पुस्तकात शिवाजी महाराज कोण होते ते लिहिलं आणि लाखावर प्रती गेल्या, टपरीवरच्या पोरांनी वाचलं. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून घरी येताना सागरमाळला त्यांच्यावर आणि उमाताईंवर गोळ्या घातल्या. चार दिवसांनी अण्णा गेले. त्याआधी २०१३ ला पुण्यात दाभोलकर, अण्णांनंतर २०१५ लाच धारवाडला कलबुर्गी, २०१७ ला बंगळूरला गौरी लंकेश. कुणी फिरायला गेलेलं, कुणी स्वतःच्या दारात. तुम्हीच मला अण्णांच्या अंत्ययात्रेला नेलंत आणि आता गप्प बस म्हणता, असं तू रविवारी म्हणालीस. नेलं होतं. गर्दीत तू घोषणा देत होतीस आणि मला तुझा अभिमान वाटत होता. पण तेव्हाही तुझा दंड मी सोडला नव्हता, ते तुझ्या लक्षात नसेल.

मी तुला काम सोड म्हणत नाही. रविवारी म्हणालो असेन, आता म्हणत नाही. सायबर शाखेत लेखी तक्रार दे आणि पोच घे. तो मेसेज पुसू नकोस. किती वाजता कुठं असशील हे आधी जाहीर करत जाऊ नकोस. रात्रीचं रेकॉर्डिंग असलं तर ऑफिसातल्या कुणाला तरी बरोबर घे, आणि रिक्षात बसलीस की आईला कळव, मला नाही कळवलंस तरी चालेल. जेवण वेळेवर. बचत थोडी तरी. आणि लेखक बोलत असताना मध्ये "हो हो" म्हणतेस ते कमी कर, ऐकताना टोचतं. शाळाच भरवली मी. माफ कर बाळ, म्हातारपणी जीभ आवरत नाही, आणि लेखणी तर त्याहून नाही.

इथं कोल्हापुरात शाहू स्मारकलाच कार्यक्रम कर. मुंबईलाच कर म्हणालो होतो, ते मागं घेतो. जतचे आमचे दोघे-तिघे त्या वेळचे कामावर गेलेले अजून आहेत. शिरोळच्या आत्याने गाडीची सोय करते म्हणून सांगितलंय, त्यांना मी घेऊन येतो. त्यांच्यासाठी पुढच्या खुर्च्या ठेवायला सांग, पाहुण्यांच्या रांगेतल्या. मी मागे दाराजवळ बसणार आहे, आत कोण येतं-जातं ते दिसतं तिथून. प्रश्नोत्तरं सुरू झाली की माईक त्या म्हाताऱ्यांकडे आधी दे. एक जण तर मस्टरवरच होता, त्याला पगार का अडकायचा ते तोंडपाठ आहे. लेखकाला ते मराठीतलं सगळं नीट समजावून सांग, गाळू नकोस काही.

आई तांबडी चटणी देणार आहे, डबा मोकळा आण.

तुझे,
पप्पा

ता. क. येताना रात्रीची ट्रॅव्हल्स करू नकोस. कोयनेने ये, उजेडाची निघते. या वेळी मी स्टेशनवर येतो.