यादी आभाराची नव्हती, भांड्यांची होती

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला 'संकट म्हणजे संधी' छापाचा, संकटाने माणूस वाढतो, आभार माना, आशावादी राहा असं सांगणारा लेख वाचला, चहा गार झाला पण डोकं काही गार झालं नाही म्हणून लिहून राहिली.

आम्ही नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूला, तेही ग्राउंड फ्लोअरला. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोण विसरेल? आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, पंगती उठवून, भांडी घासून पालथी घालून मेल्यासारखे झोपलो, आणि काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओव्हरफ्लो अन् पाणी थेट हॉलमध्ये! विसर्जन त्याच दिवशी होतं म्हणा, पण असं नाही ना. मी दोन्ही मुखवटे छातीशी धरून अंधारात जिना चढली, मागे फ्रिज आडवा तरंगत होता.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. "जीव वाचला ना, देवाचे आभार माना, पॉझिटिव्ह राहा." घरात घोटाभर गाळ अन् आभार कसले मानू बापा? मला तेव्हा फिनेल, खराटा आणि एक कोरडी चादर पाहिजे होती.

पुढे मुलीने कॉलेजात सायकॉलॉजी घेतलं, तिच्या नोट्स वाचल्या तेव्हा जरा उलगडा झाला. अमेरिकेतल्या टेडेस्ची आणि कॅल्हून या दोघांनी संकटानंतर माणसात काय चांगलं बदलतं ते मोजायला १९९६ मध्ये २१ वाक्यांची प्रश्नावली काढली, त्यात जवळची नाती, स्वतःची ताकद, नव्या वाटा, श्रद्धा, जगण्याची किंमत हे सगळं येतं. पण ते असंही सांगतात की माणूस संकटाने वाढत नाही, त्यानंतर जी झटापट करतो त्यातून वाढतो, आणि वाढला म्हणून त्याचं दुःख संपलं असं नाही, दोन्ही सोबत राहतात. हे तुमच्या लेखात कुठंच नव्हतं!

कृतज्ञतेचंही तेच. २००३ च्या एमन्स-मॅककलो यांच्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी १० आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल आभारी वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या आणि कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते जास्त समाधानी निघाले. पण त्यांच्या घरात काही गाळ नव्हता! माझी यादी वेगळीच होती, हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर, परत काय काय द्यायचं याची. वरच्या काकूंची कढई, समोरच्यांची गादी, मोटर घेऊन आलेल्या पोराचे डिझेलचे पैसे (त्याने घेतलेच नाहीत). ती यादी वाचतानाच महिनाभराने पहिल्यांदा रडू आलं, कोणी सांगितलं म्हणून नाही.

आशावादाचं म्हणाल तर आमच्या घरी दोन प्रकार. आमचे हे "होते सगळं बरोबर" म्हणून खुर्चीत बसले, मी इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळे बोर्ड चार फूट वर घेतले. दोघंही आशावादीच म्हणायचे, पण यंदाच्या पावसाळ्यात कोणाचा कामी येईल ते ह्यांनाही माहीत आहे. अन् शेजाऱ्यांचे आभार मानले म्हणून नाला का तुंबला हे विचारायचं सोडलं असं कोणी समजू नये, ते मी दर मे महिन्यात विचारते.

रात्री पाऊस सुरू झाला की अजूनही उठून दारात टॉर्च मारून येते. काकूंची कढई मात्र माझ्याकडेच राहिली, दोनदा घेऊन गेली, दोन्हीदा त्यात काहीतरी घालून त्यांनी परत पाठवली.

आपली एक वाचक, नागपूर