लाखोळीचं बी आणि तुमचे उपकार

ताई आणि संस्थेतली सगळी मुलं-मुली,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या लाखोळीचे, म्हणजे लाखेच्या डाळीच्या पिकाचे, पैसे हातात आले, त्यातले हजार रुपये पुरात आमच्या गुराढोरांसाठी धावून आलेल्या तुमच्या संस्थेला पाठवले. पावती पोचली, पण बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, चारचौघांनी वाचावं असंच लिहितोय.

२०२०चा ऑगस्ट सरत आला होता. पोळा होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. मध्य प्रदेशात पाऊस कोसळला, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांत शिरली. रोवणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, बुडाली. पाणी उतरलं तेव्हा धान नव्हतं, शेताचे धुरे नव्हते, होता तो टोंगळाभर, गुडघाभर गाळ.

मदत पुष्कळ आली, खोटं कशाला बोलू. जेवणाचे डबे, तांदूळ, ब्लँकेटं. आठवड्याभरात मात्र गाड्या थांबल्या. तुम्ही आलात त्यानंतर, आणि पहिलंच विचारलंत, "काका, बैल काय खातात?" कोरोनाचे दिवस, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. तुमचे चेहरे धड आठवत नाहीत, तो प्रश्न आठवतो. धानाच्या तणसाचे, वाळल्या काडाचे ढीग वाहून गेले होते, उरलं ते काळं पडलेलं. माझा बैल पवळ्या ते हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. तुम्ही ट्रकभर कोरडं तणीस आणलंत, पाठोपाठ घटसर्पाची लस टोचायला डॉक्टर आणलेत.

शेजारच्या घरी धान साठवायच्या ढोल्यामागे नाग निघाला, तेव्हा आम्ही काठ्या घेऊनच धावलो होतो. तुमच्यातला सर्पमित्र पोरगा आडवा आला. "त्याचंही घर बुडालंय काका, जाईल कुठं?" वनरक्षकाला कळवून त्यानं तो नाग उंचावरच्या झुडपात सोडला. एक मुलगी बाभळीवरून पडलेली बगळ्यांची पिल्लं टोपलीत घेऊन बसायची, बोटभर मासोळ्या एकेकाच्या चोचीत घालायची. सगळी जगली नाहीत. मेलेलं पिल्लू हातात घेऊन ती बराच वेळ बसली होती.

खरं सांगतो ताई, तेव्हा मला राग आला होता. माणसं उघड्यावर पडलीत आणि यांना पाखरांचं पडलंय! पण बांधीतले किडे बगळेच वेचतात, धान खाणारे उंदीर सापच आवरतात. जन्म शेतीत गेला माझा, तरी हे त्या पोरांकडून ऐकावं लागलं.

ऑक्टोबरात तुम्ही पुन्हा आलात, लाखोळीचं बियाणं घेऊन. गाळावर लाखोळी चांगली येते हे आमचे म्हातारे सांगतच, पण पेरायला बी कुणाच्या घरात उरलं होतं? त्या वर्षी आमच्या घरात आलेलं पीक ते तेवढंच.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती, पुराची बातमी थांबली की अशा संस्थांना पैसे पाठवा. जुन्या कपड्यांचे गठ्ठे नको, ते आमच्या शाळेच्या व्हरांड्यात कुजले. चारा, लस, बियाणं कधी लागेल हे तिथं राबणाऱ्यालाच कळतं.

ताई, तुम्ही दिलेल्या त्या लाखोळीचं बी मी दरवर्षी राखून ठेवतो. यंदाही दहा किलो निवडून, कडुलिंबाचा पाला घालून बांधून ठेवलंय. पुढं कुठल्या गावात पाणी शिरलं, तर निघण्याआधी फोन करा. पोतं मी रस्त्यावर आणून देतो.