रानाच्या गाभ्याला रस्त्यांपासूनही संरक्षण हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राधानगरी आणि चांदोलीच्या जंगलांत पर्यटन कसे वाढेल, याची चर्चा कोल्हापुरात वारंवार होते. पण कायद्यातील एका मोठ्या उणिवेचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार राष्ट्रीय उद्यानात शिकारीला व चराईला मनाई आहे आणि त्याची हद्द राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या शिफारशीवाचून बदलता येत नाही. मात्र उद्यानांनाही लागू असलेले कलम ३३ मुख्य वन्यजीव रक्षकांना आत रस्ते, पूल व इमारती बांधण्याची मुभा देते आणि मंडळाने पूर्वमान्यता दिल्यास तेथे व्यापारी पर्यटक निवासही उभा राहू शकतो. हद्द शाबूत राहूनही आतले रान तुकड्यातुकड्याने संपू शकते ते यामुळेच. एकदा डांबरी रस्ता झाला की त्याच्या मागोमाग वाहने, दिवे, कचरा आणि रानमोडीसारखी तणे आत शिरतात व गव्यांच्या वाटा तुटतात.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्याने १८७२ पासून होती, तरीही त्यांतील व सरकारी वनांतील काही भूभाग कायम रानच राहावा म्हणून तेथे १९६४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. त्या भूभागांत कायमचे रस्ते आणि व्यापारी उद्योग यांना बंदी आहे, आणि असा दर्जा देण्याचा अधिकार तेथील संसदेकडे आहे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. माणसाला रानात केवळ पाहुणा मानणारी त्या कायद्याची दृष्टी मात्र आपण जशीच्या तशी उचलू नये. सह्याद्रीत धनगरवाडे आहेत, देवराया आहेत; २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे आधी निकाली निघालेच पाहिजेत.

चांदोलीतील गावांनी जंगलासाठी आपली घरेदारे सोडली. त्यांनी रिकाम्या केलेल्या जमिनीवर उद्या पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या गेल्या, तर तो त्या कुटुंबांवर उघड अन्याय ठरेल.

म्हणून संसदेने या अधिनियमात दुरुस्ती करून राष्ट्रीय उद्यानांच्या गाभ्यात रस्ते व पक्की बांधकामे यांना पूर्ण मनाई असलेले क्षेत्र ठरवावे आणि ते उठवण्याचा अधिकार कोणत्याही मंडळाकडे न देता स्वतःकडेच ठेवावा. कोल्हापूर, सांगली, सातारा व रत्नागिरी या चारही जिल्ह्यांच्या खासदारांनी ३१७.६७ चौरस किलोमीटरच्या चांदोली उद्यानासाठी ही मागणी एकत्रितपणे मांडावी, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, कोल्हापूर